कार्प माशांच्या गळासाठी पाण्यात विरघळणारी आवरणे

वेंगुर्ले तालुक्यात पावसाचे मान वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर असते. तथापि येथील जांभ्या दगडाची जमीन पाणी फार काळ धरून ठेवीत नाही. पावसाळ्यात दुथडी वाहणारे ओहोळ उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि काजूच्या व आंब्याच्या नव्या कलमांना पाणी देण्याचा प्रश्न उभा राहतो. ही अडचण दूर करण्यासाठी अनेक बागायतदारांनी शेततळी खोदली आहेत. २०१६ साली राज्य शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केल्यानंतर शेततळ्याची कल्पना खेडोपाडी परिचित झाली. ज्या तळ्यात सात-आठ महिने पाणी टिकते, त्यात कटला, रोहू, मृगळ व सायप्रिनस या कार्प जातीच्या माशांची बोटुकली सोडल्यास बागेच्या पाण्याबरोबर माशांचेही उत्पन्न मिळते.

मासे वाढविणे जितके सोपे, तितके ते थोडे थोडे काढणे सोपे नसते. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असल्यास ओढजाळ्याच्या शिशांनी आणि जाळे ओढणाऱ्या माणसांच्या पायांनी तो फाटण्याचे भय असते. कागद नसलेल्या तळ्यात जांभ्याच्या खडबडीत कडांना जाळे अडकते. शिवाय घरच्या जेवणासाठी दोन मासे हवे असता, आठवड्याच्या बाजारासाठी चार-सहा मासे हवे असता, किंवा माशांची वाढ कशी झाली आहे हे पाहावयाचे असता सबंध तळे ढवळणे परवडत नाही. अशा वेळी गळ, म्हणजे कोकणातील गरी, हे साधन उपयोगी पडते.

परंतु गळ टाकणारा माणूस बहुधा एक चूक करतो. मासे जमावेत म्हणून तो कोंडा आणि पेंड मुठीमुठीने पाण्यात फेकतो. हे खाद्य वाऱ्याने व पाण्याच्या हालचालीने पसरते. त्यातील थोडे माशांच्या तोंडी जाते. उरलेले तळाशी कुजते आणि पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. पैसे देऊन घेतलेले खाद्यच अशा रीतीने माशांच्या जिवावर उठते. ही नासाडी टाळून, मोजके खाद्य गळाच्या शेजारीच पोहोचविण्यासाठी पाण्यात विरघळणाऱ्या आवरणाचा उपयोग करता येतो.

कार्प मासा कसा खातो

आवरणाचा उपयोग समजण्यासाठी या माशांच्या तोंडाची ठेवण प्रथम लक्षात घेतली पाहिजे. कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि मुख्यतः पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर जगतो. रोहूचे ओठ झालरीसारखे असून तो मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड किंचित खाली वळलेले असते आणि तो तळाशी राहतो. सायप्रिनसही तळाचाच मासा आहे. त्याच्या तोंडाशी मिशा असतात आणि त्याचे तोंड नळीसारखे पुढे येते. तो तळावरील चिखल तोंडात ओढतो, त्यातील खाण्यायोग्य कण ठेवतो आणि बाकीचे थुंकून टाकतो. ज्या ठिकाणी तो असा चरत असतो, तेथे पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांच्या रांगा उठताना दिसतात.

सायप्रिनस हा मूळचा परदेशी मासा होय. त्याची एक जात १९३९ साली सिलोनमधून निलगिरीच्या थंड प्रदेशात आणली गेली. उष्ण प्रदेशाला मानवणारी दुसरी जात १९५७ साली बँकॉकहून आणण्यात आली. त्याच वर्षी, म्हणजे १० जुलै १९५७ रोजी, डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे या माशांच्या बीजासाठी केवळ नद्यांवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. आज कोकणातील लहान तळ्यापर्यंत बोटुकली पोहोचतात, त्यामागे या शोधाचा मोठा वाटा आहे.

कार्प जातीच्या माशांना जठर नसते आणि जबड्यात दातही नसतात. दात घशात असतात व खाद्य तेथेच चिरडले जाते. जठर नसल्यामुळे असा मासा एकदम पोटभर खाऊन स्वस्थ बसत नाही. तो थोडे थोडे आणि सतत खात राहतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, गळाजवळ मोठा ढीग असण्याची गरज नाही; बारीक कणांचा लहानसा पुंजका पुरेसा होतो. दुसरी, हा पुंजका गळाच्या अगदी शेजारी असला पाहिजे. हातभर दूर पडलेले खाद्य माशाला गळापासून दूर नेते.

आवरणाचे काम

आवरणाला चार कामे करावी लागतात. पाण्यात पडल्यापासून तळाशी पोहोचेपर्यंत त्याने खाद्य एकत्र धरून ठेवावे. गळाचे टोक पालापाचोळ्यात किंवा शेवाळात अडकू नये म्हणून ते झाकून ठेवावे. तळाशी गेल्यावर थोड्याच वेळात उघडून खाद्य मोकळे करावे. आणि आपले काम झाल्यावर तळ्यात अपाय करील असे काही मागे ठेवू नये.

पहिल्या तीन गोष्टींकडे गळ टाकणाऱ्याचे लक्ष सहज जाते. चौथीकडे मात्र शेतकऱ्याने अधिक लक्ष दिले पाहिजे, कारण गळ एका सकाळचा असतो आणि तळे वर्षानुवर्षांचे असते.

आमिषाची कला आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत यांचा विचार केला आहे. माशाची आवड पाहून त्याला खाद्याने एका जागी आणणे, हे तत्त्व तेव्हाही ठाऊक होते. नवीन आहे ती आवरणाची वस्तू.

घरच्या घरी होणारी आवरणे

१. उकडीने बांधलेला गोळा. बहुतेक शेतकऱ्यांना हाच प्रकार सर्वांत सोयीचा वाटेल. भाताचा बारीक कोंडा दहा भाग आणि खोबऱ्याची किंवा शेंगदाण्याची कुटलेली पेंड पाच भाग घ्यावी. तांदळाच्या पिठीची उकड एक भाग घेऊन ती कोमट असताना या मिश्रणात मळावी. कच्ची पिठी थंड पाण्यात विरघळत नाही व खाद्याला बांधूनही ठेवीत नाही. शिजविल्यावर मात्र तिचे कण फुगून चिकट होतात आणि कोंड्याला धरून ठेवतात. गोळा लिंबाएवढा करावा. मिश्रण नुसते ओलसर ठेवून गोळा हलक्या हाताने दाबल्यास तो लवकर फुटतो. अधिक मळून घट्ट दाबल्यास सावकाश फुटतो. उकड जास्त झाली तर गोळा दगडासारखा पडून राहतो व आंबतो. म्हणून उकडीचे प्रमाण हात राखूनच वाढवावे.

२. चिकणमातीचा गोळा. बिनकागदी तळ्यासाठी हा प्रकार चांगला आहे. स्वच्छ चिकणमाती चाळून घ्यावी, तिच्यात तितकाच कोंडा मिसळावा आणि थोड्या पाण्याने गोळा वळावा. माती जड असल्यामुळे गोळा सरळ तळाशी जातो व तेथे ढासळून सपाट होतो. सायप्रिनस व मृगळ यांना चिखलातून खाद्य वेचण्याची सवय असते. त्यांना हा पुंजका परका वाटत नाही. खत किंवा औषधे पडलेल्या बागेतील माती मात्र घेऊ नये. कागद अंथरलेल्या तळ्यात गाळ वाढविणे इष्ट नसल्यामुळे तेथे हा प्रकार टाळावा.

३. गुळाने बांधलेली वडी. घट्ट पाकात कोंडा व चुरलेली पेंड मिसळून वडी थापली, तर ती कोरडी असताना कडक राहते आणि पाण्यात गूळ विरघळताच मोकळी होते. ही वडी आदल्या दिवशी करून ठेवता येते. परंतु गूळ पाण्यात गेल्यावर सूक्ष्म जंतू त्यावर वाढतात व प्राणवायू वापरतात. लहान तळ्यात एका वेळी दोन-चार वड्यांहून अधिक टाकू नयेत.

केळीच्या किंवा हळदीच्या पानाची पुडी करून गळ टाकण्याची कल्पना कोणाला सुचेल. पान निरुपद्रवी आहे, पण ते पाण्यात विरघळत नाही, केवळ कालांतराने कुजते. खाद्य आत अडकून राहते. म्हणून विरघळणाऱ्या आवरणांत पानाची गणना करता येत नाही. औषधाच्या जिलेटिनच्या कॅप्सूलचीही हीच गत होते. माणसाच्या शरीरात जिलेटिन वितळते, कारण तेथे ऊब अधिक असते. तळ्याच्या पाण्यात ते फुगून मऊ पडते, पण चटकन विरत नाही.

पी. व्ही. ए.ची पिशवी व दोरा

बाजारात गळाच्या साहित्यात पाण्यात विरघळणाऱ्या पारदर्शक पिशव्या, जाळीच्या नळ्या आणि दोरे मिळतात. ते पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, संक्षेपाने पी. व्ही. ए., या पदार्थाचे असतात. हा पदार्थ १९२४ साली जर्मनीत प्रथम तयार करण्यात आला. १९३९ साली जपानमध्ये त्यापासून कापडाचा धागा बनविण्यात यश आले. या पदार्थाचे अनेक प्रकार आहेत. काही प्रकार केवळ गरम पाण्यात विरघळतात, काही थंड पाण्यातही विरघळतात. गळासाठी थंड पाण्यात विरघळणारा प्रकार लागतो. यामुळे पुड्यावरील मजकूर वाचल्यावाचून किंवा परीक्षा केल्यावाचून नुसती 'विरघळणारी पिशवी' म्हणून मिळेल ती वस्तू घेऊ नये.

या पिशवीचा उपयोग करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

आत भरावयाचे खाद्य कोरडे असावे. कोरडा कोंडा, पेंडीचा चुरा आणि गोळी खाद्य निर्धास्तपणे भरता येते. तेलाने पी. व्ही. ए. विरघळत नाही, म्हणून खाद्याला शेंगदाण्याच्या किंवा खोबरेल तेलाचा हात लावण्यास हरकत नाही. शिजविलेले मक्याचे दाणे किंवा हरभरे भरावयाचे असल्यास ते फडक्यावर पसरून वरचे पाणी टिपून घ्यावे. मिठाच्या तीव्र पाण्यातही हे आवरण सहज विरघळत नाही. शिरोड्याच्या मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्या लोकांना मीठ पाणी कसे शोषून घेते हे सांगावयास नको. दाण्यांना मीठ चोळून ते निथळल्यास दाण्यांभोवती खारट पाणी राहते आणि पिशवी भरतेवेळीच फुटत नाही. मात्र गोड्या पाण्याच्या तळ्यात जाणारे मीठ चिमूटभरच असावे.

हात, गळ आणि शिसे कोरडे असावे. गळ पिशवीच्या आत घालून तिची कड किंचित ओलावून चिकटवावी किंवा त्याच पदार्थाच्या दोऱ्याने तोंड बांधावे. सुईने दोन-तीन बारीक छिद्रे पाडावीत. आत कोंडलेली हवा निघून गेली नाही, तर पिशवी तळाशी न जाता पाण्यावर तरंगते आणि वाऱ्याने भलतीकडे जाते.

पाणी जितके उबदार, तितके हे आवरण लवकर विरघळते. परदेशातील थंड पाण्यासाठी केलेली पातळ पिशवी कोकणातील मार्च-एप्रिलच्या पाण्यात तळाशी पोहोचण्यापूर्वीच फुटण्याचा संभव असतो. अशा वेळी जाड प्रकार घ्यावा किंवा पिशवी दुहेरी करावी.

कोकणातील दमट हवा हा या वस्तूचा मोठा शत्रू आहे. उघडे ठेवलेले आवरण हवेतील ओलावा शोषून मऊ व चिकट होते, आणि पुढे सगळ्या पिशव्यांचा एक गोळा होतो. घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ते ठेवावे व लागेल तेवढेच बाहेर काढावे.

विरघळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. मीठ पाण्यात विरघळले तरी पाण्यात असतेच, तसेच पी. व्ही. ए. डोळ्यांना दिसेनासे झाले तरी पाण्यात राहते. त्याचे विघटन करणारे सूक्ष्म जंतू निसर्गात आहेत, परंतु ते सर्वत्र सारख्या प्रमाणात नसतात आणि हे काम सावकाश होते. ज्या लहान तळ्यात पाणी बदलत नाही, त्यात या पिशव्यांचा रोजचा वापर करणे योग्य नाही. घरच्या उकडीच्या गोळ्याने काम भागत असेल तर तोच वापरावा. जेथे पालापाचोळ्यात गळ वारंवार अडकतो अशा जागेपुरती पिशवी राखून ठेवावी.

बरणीतील परीक्षा

कोणतेही आवरण तळ्यात टाकण्यापूर्वी त्याची परीक्षा करावी. यासाठी काचेची एक मोठी बरणी आणि घड्याळ पुरे होते. बरणीत त्याच तळ्याचे पाणी घ्यावे. विहिरीचे किंवा नळाचे घेऊ नये, कारण पाण्याची ऊब निराळी असली की वेळही बदलतो. गोळा किंवा पिशवी अलगद सोडावी आणि तीन वेळा टिपून ठेवाव्यात: आवरण प्रथम केव्हा फुटले, खाद्य पूर्ण मोकळे केव्हा झाले, आणि एका तासानंतर बरणीत काय उरले.

पहिली वेळ गोळा तळाशी पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक असली पाहिजे. दोन-तीन मीटर खोल शेततळ्यात हा वेळ थोड्या सेकंदांचाच असतो. उकडीचा गोळा पाच ते दहा मिनिटांत मोकळा झाला, तर तो उत्तम समजावा. अर्ध्या तासानंतरही तो अखंड राहिला, तर उकड कमी करावी किंवा गोळा हलका दाबावा. तासानंतर बरणीत पापुद्रे, तंतू किंवा प्लास्टिकचे तुकडे दिसले, तर ते आवरण टाकून द्यावे. 'पर्यावरणस्नेही' असे छापलेली प्रत्येक पिशवी पाण्यात विरघळतेच असे नाही. मातीत काही महिन्यांनी कुजणारी पिशवी आणि पाण्यात काही मिनिटांत विरघळणारी पिशवी या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

गळ टाकण्याची रीत

आदल्या दिवशी तळ्याचे निरीक्षण करावे. बुडबुडे कोठे उठतात, काठाजवळचा गाळ कोठे ढवळला जातो, मासे कोणत्या वेळी फिरतात हे पाहून जागा ठरवावी. रोज ज्या कोपऱ्यात खाद्य दिले जाते, तो कोपरा बहुधा उत्तम ठरतो, कारण माशांना त्या जागेची सवय झालेली असते.

गळाला लावण्यासाठी शिजविलेला मक्याचा दाणा, हरभरा किंवा घट्ट कणकेची गोळी वापरावी. कोरडे कच्चे धान्य वापरू नये. ते माशाच्या पोटात फुगते. सायप्रिनस खाद्य तोंडात घेऊन पारखतो आणि संशय आल्यास थुंकतो. यासाठी दाणा गळावर न टोचता, गळाच्या मागे सोडलेल्या अर्धा-पाऊण इंचाच्या बारीक दोऱ्याच्या शेपटाला ओवावा. दाणा तोंडात ओढला जाताना मोकळा गळही मागोमाग आत जातो आणि थुंकताना ओठात रुततो. गळाच्या टोकामागील उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केल्यास, सोडून द्यावयाचा मासा इजा न होता सुटतो.

उकडीचा गोळा वापरताना गळाभोवतीच तो दाबून बसवावा, दाणा मात्र बाहेर किंवा गोळ्याच्या कडेशी ठेवावा. तंगूस ताणून न धरता किंचित सैल ठेवावा. गोळा पडल्यानंतर दहा मिनिटे तो हलवू नये. आवरण उघडण्याच्या वेळीच घाईने गळ वर ओढला, तर पुंजका एका जागी आणि गळ दुसऱ्या जागी होतो व सर्व खटाटोप व्यर्थ जातो. मासा लागल्यावर त्याला काठाशी आणून हातजाळ्यात घ्यावे. प्लास्टिकच्या कागदावरून फरफटत ओढू नये. तुटलेला तंगूस तळ्यात किंवा काठावर टाकू नये. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात, आणि तो विरघळणाऱ्या वस्तूंपैकी नव्हे.

पहाटे तळ्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर ती भूक नसून गुदमर असते. अशा वेळी गळही टाकू नये आणि खाद्यही टाकू नये. शक्य असल्यास नवे पाणी सोडावे किंवा पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून पाडावे.

खाद्याचा हिशेब

गळासाठी टाकलेले खाद्य हे तळ्यातील माशांच्या रोजच्या खाद्याचाच भाग आहे, वरकड नव्हे. पुढील उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

दहा गुंठ्यांच्या तळ्यात पाचशे मासे असून प्रत्येकाचे सरासरी वजन तीनशे ग्रॅम आहे असे समजू. सर्व माशांचे वजन दीडशे किलो झाले. रोज वजनाच्या शेकडा दोन या प्रमाणात खाद्य द्यावयाचे ठरविल्यास तीन किलो खाद्य होते. गळाच्या दिवशी पन्नास ग्रॅमचे दहा गोळे टाकले, तर अर्धा किलो खाद्य तळ्यात गेले. म्हणून त्या दिवशी नेहमीचे खाद्य अडीच किलोच द्यावे आणि तेही गळाचे काम आटोपल्यावर द्यावे. आधीच पोट भरलेला मासा गळाकडे वळत नाही.

मुठीने खाद्य फेकणाऱ्यास आपण किती टाकले याचा अंदाज राहत नाही. मोजून वळलेल्या गोळ्यांचा हिशेब मात्र आपोआप राहतो. मासे अधिक मिळोत वा न मिळोत, खाद्याची ही बचत निश्चित असते.

काय वापरू नये

काही कीटकनाशके पाण्यात विरघळणाऱ्या पुड्यांत मिळतात. कपडे धुण्याचे साबणद्रव्यही अशा पुड्यांत विकले जाते. या पुड्यांचे आवरण दिसावयास गळाच्या पिशवीसारखेच असते. ते रिकामे करून, धुऊन किंवा कापून गळासाठी वापरण्याचा मोह कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये. काजूवरील ढेकण्यासाठी आणि आंब्यावरील तुडतुड्यांसाठी फवारल्या जाणाऱ्या औषधांपैकी कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे माशांना अत्यंत अल्प प्रमाणातही मारक ठरतात. फवारणी केलेल्या हातांनी गोळे वळू नयेत, फवारणीचे पंप तळ्यात धुऊ नयेत, आणि औषधाच्या रिकाम्या डब्यातून खाद्य नेऊ नये. एका पुडीच्या अवशेषाने वर्षभराचे मासे गमावण्याची पाळी येऊ शकते.

साध्या प्लास्टिकच्या पातळ पिशवीला भोके पाडून ती आवरण म्हणून वापरणेही गैर आहे. ती तळाशी राहते आणि पुढे पंपाच्या नळीत अडकते. सुतारकामाचा पांढरा गोंद पी. व्ही. ए.शी मिळत्याजुळत्या नावाने ओळखला जातो, परंतु तो निराळा पदार्थ असून या कामासाठी नाही.

वाढीचे अनुमान करताना

गळाने मिळालेल्या माशांचे वजन करून तळ्यातील वाढीचा अंदाज घेता येतो. मात्र त्यास मर्यादा आहेत. तळाशी पडलेल्या पुंजक्याकडे सायप्रिनस व मृगळ अधिक येतात, रोहू कमी येतो आणि कटला क्वचितच येतो. म्हणून गळावरील माशांवरून कटल्याच्या वाढीविषयी काही ठरवू नये. तसेच धीट व भुकेले मासे गळाला आधी लागतात. त्यांचे वजन सबंध तळ्याच्या सरासरीइतके असेलच असे नाही. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच आमिषाने, जातवार वजन करून वहीत नोंद ठेवली, तर एका महिन्याची दुसऱ्या महिन्याशी तुलना तरी करता येते. मासा ओल्या फडक्याच्या झोळीत तोलावा, कोरड्या हाताने दाबू नये आणि विनाविलंब पाण्यात सोडावा.

तळे आटण्याच्या सुमारास सर्व मासे काढावयाचे असतात. ते काम गळाचे नव्हे. त्या वेळी पाणी उतरवून काळजीपूर्वक जाळेच वापरावे लागते. गळाने त्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत मोठे मासे थोडे थोडे काढीत गेल्यास मागे राहिलेल्यांना जागा व खाद्य मिळते, आणि कमी होत जाणाऱ्या पाण्यावरील भार हलका होतो.

परवानगी आणि मर्यादा

वर सांगितलेली रीत स्वतःच्या तळ्यासाठी आहे. सार्वजनिक तलाव व पाटबंधाऱ्यांचे जलाशय यांतील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना दिलेले असतात. तेथे संस्थेच्या परवानगीवाचून गळ टाकू नये. शंका असल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे विचारणा करावी. ज्या तलावाचे पाणी गाव पिण्यासाठी वापरते, त्यात खाद्य किंवा आवरण काहीही टाकू नये.

पावसाच्या आरंभी ओहोळांतून वर येणारे चढणीचे मासे कोकणात आवडीने धरले जातात. त्यातील बरेच मासे अंडी घालण्यासाठी निघालेले असतात. तळ्यातील पाळलेल्या माशांसाठी शिकलेली ही रीत त्यांच्यावर वापरू नये. ते वाचले तरच पुढील वर्षी ओहोळात मासे दिसतील.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने या विषयाचे प्रात्यक्षिक दाखवावयाचे ठरविल्यास बरणीच्या परीक्षेपासून आरंभ करावा. तीन बरण्यांत एकाच तळ्याचे पाणी घेऊन एकीत मूठभर सुटा कोंडा, दुसरीत उकडीचा गोळा आणि तिसरीत पी. व्ही. ए.ची पिशवी सोडावी. पाच मिनिटांनी पहिल्या बरणीतील पाणी गढूळ झालेले असेल. दुसरीत व तिसरीत खाद्य तळाशी एका जागी असेल. ज्या शेतकऱ्याने हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्यास खाद्य मुठीने का फेकू नये हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर तिन्ही बरण्या दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच ठेवाव्यात आणि त्यांचा वास घेण्यास सांगावे. न खाल्लेले खाद्य तिन्हींत कुजलेले आढळेल. आवरण कितीही चांगले असले तरी मापाबाहेर टाकलेले खाद्य तळे बिघडविल्यावाचून राहत नाही, हा धडा त्या वासानेच मनावर ठसेल.